पिणाऱ्याच्या नकळत

"बटण जालिंदर दाबंल," दाजी म्हणाले आणि शेडमधल्या सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

दाजींच्या नव्या बोअरला पाणी लागलं होतं. पत्र्याच्या शेडमधल्या मोटरच्या कोऱ्या पेटीला हळदकुंकू वाहिलं होतं, नारळ फुटला होता आणि आसपासच्या द्राक्षबागांचे पाच-सहा मालक उन्हात पेढ्यांसाठी ताटकळत होते. पेढ्यांचं ताट माझ्या बहिणीच्या हातात होतं. तिचं नाव विजयमाला, पण मी तिला पहिल्यापासून अक्का म्हणतो. दाजी म्हणजे तिचे यजमान, अधिकराव. दारूच्या नुसत्या वासानं तोंड फिरवणारा माणूस. पण तीन कारखान्यांतून हाकललेला, चोवीस वर्षांचा, पिऊन पडणारा मेव्हणा त्यांच्या घरी राहायला आला, तेव्हा 'किती दिवस?' एवढंसुद्धा त्यांनी विचारलं नव्हतं. माझी आई तर आधीपासूनच त्यांच्याकडं राहत होती.

मी म्हटलं, नको, तुम्हीच दाबा.

"बावीस दिवस झालं, थेंबाला शिवला न्हाईस," दाजींनी माझ्या खांद्यावर हात टाकला. "आज घरात तुझ्याएवढा शुभ हात कुणाचा न्हाई."

लोक हसले. टिंगल नव्हती, कौतुकच होतं. तासगाव-सांगली रस्त्यावरच्या त्या टापूत माझे बावीस दिवस सगळ्यांना पाठ होते. मी अक्काकडं पाहिलं. तिनं एक शब्द बोलायचा अवकाश होता. 'राहू द्या, तुम्हीच दाबा' म्हटली असती तरी पुरलं असतं. मोटरच्या हिरव्या बटणाला मी सात वर्षं हात का लावला नाही, हे जगात एकट्या तिला माहीत होतं. ती ताटातल्या पेढ्यांकडं बघत राहिली.

मी बटण दाबलं. मोटर गुरगुरली, पाइपातून आधी हवा आली, मग गढूळ पाणी, मग नितळ. टाळ्या झाल्या.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट इथंच सांगून टाकतो, म्हणजे पुढं तुमचा घोळ व्हायला नको. आमची विहीर होती. मोटरची पेटी विहिरीपासून शंभर पावलांवरच्या खोलीत, आणि मधे उभा ऊस, त्यामुळं इकडचं तिकडं दिसायचं नाही. विहिरीत उतरायच्या आधी आमचे तात्या, म्हणजे वडील, पेटीतल्या फ्यूजच्या तिन्ही ग्रिपा काढून कोपरीच्या खिशात टाकायचे. चिनी मातीच्या त्या ग्रिपा जागेवर नसल्या की बटण कितीही दाबा, मोटर हलायची नाही. हा त्यांचा नेम होता. आणि माझ्यासाठी दुसरा नेम होता. मी जात्याच घाईचा. आधी हात चालायचा, मग डोकं. म्हणून त्यांनी मला बजावून ठेवलं होतं, आधी विहिरीकडं तोंड करून हाक मारायची, ओ आल्याशिवाय बटणाला शिवायचं नाही.

सतरा वर्षांचा होतो. कॉलेजातून सायकल हाणत आलो. खोलीतला बल्ब लागलेला दिसला, म्हणजे लाइट आलेली. दिवसाकाठी चार तास मिळायची ती. हाक मारली नाही, दाबलं बटण. तात्या तेव्हा कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून केबलचा जोड बांधत होते.

पेटीत तिन्ही ग्रिपा होत्या. लाइट आली की मोटर आपोआप सुरू करणारा ऑटो स्विचही आमच्याकडं होता. लोकांनी परस्पर ताळा जमवला. तात्या ग्रिपा काढायला विसरला, लाइट आली, ऑटोनं मोटर उचलली. माणूस विसरतो, काय करणार? मला कुणी विचारलंच नाही. मी सांगितलंही नाही, की ऑटो त्या दिवशी बंद होता.

तेराव्याला चुलतभावानं गोठ्यामागं नेऊन पेला हातात दिला. झोप लागंल म्हणाला. लागली. त्यानंतर झोपेसाठी प्यायलो, जागं राहायला प्यायलो, भांडण झालं म्हणून आणि मिटलं म्हणून. पुलावरून पैजेनं उडी मारून पाय मोडून घेतला. फोरमन एक शब्द बोलला म्हणून चालू पाळीतून उठून आलो. दोन वर्षांनी, एकोणिसाव्या वर्षी, अक्काच्या मांडीवर डोकं ठेवून मी सगळं ओकून टाकलं. ऑटो बंद होता, बटण मी दाबलं, तात्यांना मी मारलं.  अक्का माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "ह्या कानाचं त्या कानाला कळू देऊ नगंस. आईला तर न्हाईच." मला वाटलं, हिनं मला पदराखाली घेतलं. त्यानंतर पाच वर्षं तेवढ्या एका पदराच्या भरवशावर मी जगलो.

तर टाळ्या झाल्या आणि मी शेडमधून बाहेर पडलो. शेजारच्या बागेवाल्याची जीप बांधावर उभी होती. तिच्या सीटखाली कायम एक बाटली असते, हेही त्या टापूत सगळ्यांना पाठ होतं. पुढं खूप वर्षांनी उपचारांच्या गटात मला विचारायचे, त्या क्षणी मनात काय आलं? काही आलं नाही. मी तीन मोठे घोट घेतले आणि मगच मला कळलं की मी प्यायलोय. बावीस दिवस गेले याचं वाईट वाटायलासुद्धा सवड मिळाली नाही.

कारण दारू काय करते ते मला चांगलं ठाऊक होतं, आणि हे ते नव्हतं. पाच-दहा मिनिटांत तोंड तव्यावर धरल्यासारखं भाजायला लागलं. मानेच्या शिरा ठणकायला लागल्या. छातीत असा काही धडाका सुरू झाला की मला तो कानांनी ऐकू येत होता. श्वास अर्ध्यातच अडायला लागला. मी पाटाच्या कडेला ओकलो आणि तिथंच आडवा झालो. माणसं धावली. दाजींनी मला लहान पोरासारखं उचललं. अक्का धावत आली, ताट तिनं कुठं टाकलं कोण जाणे, आणि तिनं एकच विचारलं.

"किती प्यालास?"

'काय झालं' असं नाही विचारलं. हे मला नंतर सुचलं, पलंगावर पडल्या पडल्या.

दवाखाना तालुक्याचा, दहा खाटांचा. डॉक्टरीणबाईंचं आडनाव नाईकवडी. माझा चेहरा, डोळे आणि रक्तदाब बघून त्यांनी सलाइन लावायला सांगितलं आणि लगेच विचारलं, कुठली गोळी चालू आहे? मी मान हलवली, कुठली नाही. दाजींनाही काही माहीत नव्हतं. बाईंनी अक्काला विचारलं. अक्का म्हणाली, कसलीच नाही.

"ताई, मला खोटं सांगितलंत तर मी चुकीचं औषध देईन," बाई शांतपणे म्हणाल्या. "मग ह्या पोराचं काय होईल ते तुम्ही बघा."

अक्कानं कमरेचा बटवा काढला. सुपारीच्या खणातून एक कागदी पुडी काढून बाईंच्या हातावर ठेवली.

ती पुडी मी लांबूनही ओळखली असती. आमच्याकडच्या निम्म्या भिंतींवर निळ्या रंगात तिची जाहिरात आहे. 'पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा.' खाली फोन नंबर. बाजारात जाताना ती वाचून मी आणि अक्का हसायचो. मी म्हणायचो, पिणाऱ्याला कळू न देता पाजायचं औषध असतं तर मी विकत घेतलं असतं. ती हसून पाठीत धपाटा घालायची. तेव्हा पुड्या घरात येऊन पडल्या होत्या.

बाईंनी दाजींना बाहेर पाठवलं आणि मला समजेल अशा भाषेत सांगितलं. असल्या पुड्यांत बहुतेक ज्या औषधाची पूड असते, ते पोटात असताना दारू घेतली की शरीर उलटं फिरतं. ते डॉक्टर देतात, पण रुग्णाला सांगून, त्याची संमती घेऊन, तपासण्या करून. नकळत देणं म्हणजे माणसाच्या वाटेत झाकलेला खड्डा खणून ठेवणं. तुमचं हृदय तरुण आहे म्हणून निभावलं, म्हणाल्या. मग जाता जाता थांबल्या.

"ह्या पुडीनं दारूची इच्छा कमी होत नाही हं. ते बावीस दिवस तुम्ही स्वतः काढलेत. हिनं नव्हे."

त्यांनी धीर द्यायला सांगितलं होतं. मला मात्र रडू फुटलं.

दुपारी चारच्या सुमाराला अक्का पलंगाशेजारच्या स्टुलावर येऊन बसली. शेजारची खाट रिकामी होती. दाजी आईला आणायला गेले होते. मी ठरवलं होतं की ओरडायचं नाही. मी विचारलं, कशात घालत होतीस?

"ताकात."

दुपारच्या जेवणाला ती मला ताकाचा पेला वेगळा द्यायची, जिरं-साखर घालून, लहानपणी द्यायची तसा. आणि संध्याकाळी भाकरी थापताना आईच्या देखत म्हणायची, माझ्या भावानं मनावर घेतलं, कुणाची मदत लागली न्हाई त्याला. मी फुशारून जायचो. चोवीस वर्षांचा घोडा, पण बहिणीनं पाठ थोपटली की आणखी एक दिवस निघायचा. त्या घरात मी ताटात काय आहे हे न बघता जेवत होतो. अशी जागा मला जगात दुसरी नव्हती.

"माझ्यावर इस्वास न्हवता तर तसं सांगायचंस," मी म्हटलं.

"सांगितलं असतं तर घेतली असतीस?"

"घेतली असती. तू दिली असतीस तर घेतली असती."

 मग माझं ठरवलेलं सगळं सुटलं. मी म्हटलं, मी का पितो हे तुला ठावं हाय. एकट्या तुलाच ठावं हाय. सकाळी मला बटणाकडं ढकललं तेव्हा तू पेढे मोजत उभी होतीस. ही पुडी माझ्या भल्यासाठी न्हवती. तात्यांचा बदला घेत होतीस, म्हणून रोज माझ्या पेल्यात घालत होतीस. तसं तरी तोंडानं बोल. बापाला मारणाऱ्याला जेवू घालायचं जिवावर आलं होतं, असं म्हण, म्हणजे मी सुटलो.

तिचा चेहरा पांढरा पडला. "तू न्हाई मारलंस," ती म्हणाली.

मी म्हटलं, पुन्हा ते नको. बटण मी दाबलं.

"तू एकट्यानं न्हाई."

सलाइनचे थेंब पडत होते. मला आधी वाटलं, ती देवाधर्माचं काहीतरी बोलतेय, नशीब वगैरे. पण ती दाराकडं बघून, आवाज खाली आणून, भराभर बोलायला लागली, जसं आता थांबली तर पुन्हा बोलता येणार नाही.

तात्यांची ओली कोपरी तिच्या हातात दिली होती, सात वर्षांपूर्वी, ह्याच तालुक्याच्या गावी, सरकारी दवाखान्याच्या मागच्या दारी. कोपरी जड लागली म्हणून तिनं खिशात हात घातला. आत तीन ग्रिपा होत्या.

"मग पेटीतल्या?" मी विचारलं.

"त्या ह्यांच्या."

दाजींनीच त्या दिवशी रडत तिला सगळं सांगितलं होतं. तेव्हा आमच्या विहिरीच्या पाण्याची पाळी त्यांची होती. त्यांचं रान आमच्या बांधाला लागून, आठवड्यातले दोन दिवस पाणी त्यांचं. आदल्या आठवड्यात त्यावरून सासऱ्या-जावयाची बोलाचाली झाली होती. दाजी खोलीत आले, बघतात तर पेटीत ग्रिपा नाहीत. त्यांना वाटलं, म्हाताऱ्यानं राग धरून काढून नेल्या, पाणी अडवायला. विहिरीत डोकवायचं त्यांच्या मनातही आलं नाही. मोटारसायकलच्या डिकीत त्यांच्या स्वतःच्या मोटरच्या जादा ग्रिपा होत्या. त्या ठोकल्या, आणि लाइट येईपर्यंत खाली रानात पाण्याची दारं धरायला निघून गेले. लाइट आली की ऑटो उचलेल, असं त्यांनी धरलं होतं.

"ऑटो मी बंद केला होता," मी म्हटलं. माझाच आवाज मला ओळखू येईना. "सकाळी. कॉलेजला जाताना. तात्यांनीच सांगितलं होतं."

"त्यांस्नी ते ठावं न्हाई. त्यांस्नी वाटतं, आपण ग्रिपा घातल्या आन ऑटोनं मोटर उचलली. आपल्याच हातनं झालं सगळं."

मला एकेक गोष्ट दिसायला लागली. दाजी आईला घरी घेऊन आले, आणि तिच्या पायाशी बसल्याशिवाय सकाळचा चहा घेत नाहीत. माझ्यावर कधी आवाज चढवला नाही. मी पोलीस चौकीत पडलो तेव्हा तीनदा आले, तीनदा सोडवून नेलं. मी समजत होतो, केवढं मोठं मन. तो माणूस माझ्यासारखाच रोज त्या विहिरीत उतरत होता. फक्त त्याला पिता येत नव्हतं.

पण त्याच्याही आधी मला दुसरंच काही जाणवलं, आणि ते मला आजही झोपू देत नाही. तात्या विसरले नव्हते. सात वर्षं सगळं गाव म्हणत होतं, तात्या विसरला. आई म्हणत होती. बाटली हातात असताना मी त्यांना मोठमोठ्यानं विचारायचो, एवढी एक गोष्ट तुमच्या ध्यानात राहिली नाही? माझ्यासारखा पोरगा घरात असताना? मेलेल्या बापाला शिव्या दिल्यात मी. आणि त्यांनी त्यांचं काम चोख केलं होतं. तिन्ही ग्रिपा काढून, खिशात घालून, मग ते उतरले होते.

"ग्रिपा कुठं हायत?"

"त्याच दिवशी टाकल्या. नदीत."

"मी तुझ्या मांडीवर रडलो त्या दिवशी तुला हे सगळं ठावं होतं."

तिनं 'व्हय' म्हणून मान हलवली.

"आन तू मला गप बस म्हणालीस."

"तू एकोणीस वर्सांचा. असला तापट. तुला सांगितलं असतं तर कोयता घेऊन ह्यांच्यावर गेला असतास. ह्यांस्नी सांगितलं असतं तर ह्यांनी तुझं तोंड बघितलं नसतं, न्हाईतर सोताला काही करून घेतलं असतं. आई कुठं गेली असती? मी कुठं गेले असते?" तिनं डोळे पुसले. "म्हणून म्हटलं, दारू तेवढी सुटू दे. दारू सुटली की बाकीचं आपोआप मागं पडंल."

एवढं बोलून तिनं हात पुढं केला आणि माझ्या केसांवरून फिरवला. तोच हात, तशाच मायेनं. आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाली. "आईला कळू देऊ नगंस."

मी तिचा हात धरून तिच्या मांडीवर परत ठेवला.

दारात दाजी उभे होते. ते नुकतेच आले होते, त्यांनी काही ऐकलं नव्हतं, त्यांच्या तोंडावरून ते कळत होतं. हातात शहाळं होतं. आई खाली डॉक्टरीणबाईंशी बोलतेय, म्हणाले. मग पलंगाच्या पायथ्याशी टेकले आणि पांघरुणावरूनच माझे पाय चेपायला लागले. एवढा मोठा माणूस, सगळ्या बागाईतदारांत वजन असलेला.

"माझंच चुकलं," ते म्हणाले. "तुला बटण दाबाय लावाय नगं होतं. आठवण झाली असंल तात्यांची."

अक्का माझ्याकडं बघत होती. भीक मागणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत असतं ते तिच्या डोळ्यांत होतं. आयुष्यात मी असंख्य गोष्टी विचार न करता केल्या. ही एकच अशी, की जी करण्याआधी मी पुरता विचार केला. शहाळ्यावरचं पाणी ओघळून फरशीवर थेंब थेंब पडत होतं, आणि मी दाजींच्या त्या हातांकडं बघत होतो.

"दाजी," मी म्हटलं, "त्या दिवशी ऑटो बंद होता. बटण मी दाबलं होतं. आन तात्यांच्या ग्रिपा तात्यांच्या खिशात होत्या."

पाय चेपणारे हात थांबले. दाजींना पहिल्यांदा काही उमगलं नाही. मग उमगायला लागलं, एकेक करून. तोंडाचा रंग उडाला.  मला वाटलं, आता हा माणूस माझा गळा धरील, आणि धरला तर मी धरू देईन. पण त्यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. अक्काकडं वळून अगदी हळू विचारलं, "खिशातल्या ग्रिपा तुला घावल्या हुत्या?"

"व्हय."

"आन बटण ह्यानं दाबलं, हे बी तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"सात वर्सं मी एकटा..." दाजींचा आवाज फुटला. "हे पोरगं तिकडं एकटं, मी हिकडं एकटा. एका घरात. आन तू मधी बसून दोघांस्नी वाढत हुतीस?"

अक्का उठून उभी राहिली. पदर सारखा केला. ती रडत नव्हती. तिनं आमच्या दोघांकडं असं पाहिलं, की जणू आम्हीच तिचा काही घात केला होता.

"मला नवरा बी ठेवायचा हुता आन भाऊ बी," ती म्हणाली. "मी ठेवलं तुम्हाला. दोघांस्नी बी ठेवलं."

जिन्यावर आईच्या चपलांचा आवाज आला. दाजींनी डोळे पुसले, उठून दाराकडं गेले आणि वळून मला म्हणाले, आधी मी सांगतो, मग तू. माझी जीभ कोरडी पडली होती, छाती अजून धडधडत होती, आणि तरीही त्या घटकेला मला दारू नको होती. आणि बहीणही नको होती.